आठ व्होल्टची साक्ष

तालुक्याच्या गावातल्या एका माध्यमिक शाळेत दहा संगणकांची खोली आहे. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर तिथले दोन संगणक त्रास देऊ लागले. चार नंबरचा संगणक सुरू केल्यापासून वीस-पंचवीस मिनिटांनी आपोआप बंद पडायचा. थोडी विश्रांती दिली की पुन्हा सुरू व्हायचा. सात नंबरची तऱ्हा वेगळी. काम चालू असताना मध्येच पडदा काळा व्हायचा आणि यंत्र पहिल्यापासून सुरू व्हायचे. कधी दिवसातून तीनदा, तर कधी दोन-दोन दिवस एकदाही नाही.

संगणक शिकवणारे सर उत्साही. त्यांनी संगणकाच्या आतल्या व्होल्टेजवर देखरेख करणारे एक विनामूल्य सॉफ्टवेअर मिळवून दोन्ही यंत्रांवर बसवले. चार नंबरच्या पडद्यावर ‘+१२ व्होल्ट’ या ओळीपुढे आकडा आला ८.०६४, तोही लाल रंगात. सात नंबरवर त्याच ओळीपुढे होते १२.०९६. निदान झाले. चार नंबरचा एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा तो पत्र्याचा डबा, निकामी. सात नंबरचा ठणठणीत, तेव्हा तिथे विंडोजमध्येच गडबड असणार. प्रयोगशाळेच्या निधीतून नवा एसएमपीएस आला, जुना भंगारात गेला. सात नंबरची हार्डडिस्क पुसून विंडोज नव्याने टाकले.

चार नंबर सुरू केला. आकडा तोच, ८.०६४. वीस मिनिटांनी यंत्र बंद.

नवा डबाही सदोष निघाला असे ठरवून तो दुकानदाराला परत करायची तयारी चालली होती. तेव्हा नववीतल्या एका मुलाने विचारले, “सर, बाराच्या जागी आठच व्होल्ट मिळाले तर हार्डडिस्क फिरेल का?” उत्तर मिळाले, “अरे, स्क्रीनवर दिसतंय ना समोर!” मुलगा गप्प बसला.

पुढे त्या शाळेत जाण्याचा योग आला तेव्हा ही हकिगत मला खुद्द सरांनीच मोकळेपणाने सांगितली. एका एसएमपीएसचे पैसे वाया गेले याची त्यांना खंत होती. मला जास्त खंत वाटली ती त्या मुलाचा प्रश्न वाया गेल्याची. विज्ञानाच्या शाळेत पडद्यावरचा आकडा प्रश्नापेक्षा मोठा ठरला. असे का होते, आणि त्यात या सॉफ्टवेअरचा दोष किती व आपला किती, हे तपासण्यासाठी हा लेख आहे.

आकडा स्वतःलाच खोडतो

आधी त्या मुलाचा प्रश्न घेऊ. आज टेबलावरच्या बहुतेक संगणकांचा एसएमपीएस ‘एटीएक्स’ या मानकाप्रमाणे बनवलेला असतो. हे मानक इंटेल कंपनीने १९९५ साली पुढे आणले. त्यानुसार डब्यातून प्रामुख्याने तीन व्होल्टेज बाहेर येतात: +१२, +५ आणि +३.३ व्होल्ट. मानकाच्या बहुतेक आवृत्त्यांत या तिन्हींना ५ टक्के कमी-जास्तीची मुभा आहे. म्हणजे १२ व्होल्टची तार ११.४ ते १२.६ या दरम्यान असायला हवी.

या तारेवर हार्डडिस्कची मोटर फिरते, पंखे फिरतात आणि प्रोसेसरला लागणारे सुमारे एक व्होल्टचे व्होल्टेजही मदरबोर्डावर तिच्यातूनच तयार केले जाते. शिवाय एसएमपीएसमधून ‘पॉवर ओके’ नावाचा एक इशारा मदरबोर्डाकडे जात असतो. सगळी व्होल्टेज ठीक आहेत असे एसएमपीएसला वाटते तोवरच तो चालू राहतो. तो गेला की मदरबोर्ड प्रोसेसरला थांबवतो. १२ व्होल्टची तार खरोखरच आठवर आली असती, तर हा इशारा टिकला नसता, आणि आठ हा आकडा दाखवायला संगणक जागाच राहिला नसता.

म्हणजे ८.०६४ हा आकडा वाचता आला, हाच तो खोटा असल्याचा पुरावा होता. नववीतल्या मुलाला हे बरोबर सुचले होते. सुटे तोंड उपलब्ध असलेल्या चार तारांच्या जोडणीत मल्टिमीटरच्या सुया पिवळ्या आणि काळ्या तारेला लावल्या, तेव्हा काटा नव्हे पण अंक आला १२.१. मग आठ आले कुठून?

तारेपासून पडद्यापर्यंत

देखरेख सॉफ्टवेअर स्वतः काहीही मोजत नाही. मोजते ती मदरबोर्डावरची एक चिप. नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीची एलएम७८ ही १९९० च्या दशकातली अशीच एक चिप. पुढे हेच काम मदरबोर्डावरच्या दुसऱ्या एका बहुउद्देशी चिपमध्ये सामावले गेले. एलएम७८ मध्ये व्होल्टेजचे आकड्यात रूपांतर करणारे मंडल आठ बिटांचे आहे. आठ बिट म्हणजे ० ते २५५ असे २५६ आकडे. एक पायरी १६ मिलिव्होल्टची. म्हणून चिपला जास्तीत जास्त सुमारे ४ व्होल्टपर्यंतच मोजता येते.

बारा व्होल्ट तिला थेट कसे देणार? म्हणून मदरबोर्ड बनवणारा दोन रोधांचा विभाजक वापरतो. दहावीच्या वर्गात आपण एकसरीतल्या रोधांवर विभवांतर कसे वाटले जाते ते शिकवतो, तेच हे. ३० किलोओहम आणि १० किलोओहम हे रोध एकसरीत जोडले, तर लहान रोधावर एकूण व्होल्टेजचा चौथा भाग मिळतो. १२ चे ३ व्होल्ट होतात आणि चिपच्या आवाक्यात येतात. सॉफ्टवेअर चिपकडून आलेल्या आकड्याला १६ मिलिव्होल्टने गुणते आणि मग चारने गुणून पडद्यावर १२ दाखवते.

आता खरी मेख इथे आहे. मदरबोर्डावर कोणते रोध लावले आहेत हे चिपला ठाऊक नसते आणि सॉफ्टवेअरलाही दिसत नाही. बोर्ड बनवणारा ते आपल्या सोयीने निवडतो. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला कितीने गुणायचे हे त्या त्या बोर्डाच्या माहितीवरून भरावे लागते. माहिती नसेल तर अंदाजाने. समजा चार नंबरच्या बोर्डावर विभाजक सहाचा आहे आणि सॉफ्टवेअरने तो चारचा धरला. १२.१ चा सहावा भाग साधारण २.०२ व्होल्ट. चिपचा आकडा १२६. त्याला १६ मिलिव्होल्टने गुणले की २.०१६, आणि चारने गुणले की ८.०६४. अगदी तोच आकडा! सहाने गुणले असते तर १२.०९६ आले असते, म्हणजे मल्टिमीटरच्या जवळ.

एसएमपीएस निर्दोष होता. चूक गुणाकारात होती, आणि तिची शिक्षा भंगारात गेलेल्या डब्याला मिळाली.

गुणक बरोबर असला तरी रोध तंतोतंत नसतात. दोन्ही रोध १ टक्का अचूकतेचे असले आणि नेमके उलट दिशांना चुकले, तर वरच्या उदाहरणात १२ व्होल्टच्या वाचनात सुमारे ०.१८ व्होल्टची चूक येऊ शकते. रोध ५ टक्क्यांचे असतील तर चूक ०.९ व्होल्टच्या पुढे जाते. मानकाची एकूण मुभाच ०.६ व्होल्टची. ज्या फुटपट्टीची चूक मुभेपेक्षा मोठी, तिने माल पास-नापास कसा ठरवायचा? विद्यार्थ्यांकडून ही आकडेमोड जरूर करून घ्यावी. रोधाची किंमत बदलून विभाजकाचे गुणोत्तर किती बदलते, एवढेच काढायचे आहे.

तीन दशांश स्थळांचा थाट

आपण व्हर्नियर कॅलिपर शिकवताना पहिल्या तासाला काय सांगतो? आधी उपकरणाचे लघुतम माप काढा, मग शून्य त्रुटी पाहा, मगच मोजायला लागा. याच कसोटीवर देखरेख सॉफ्टवेअर पाहू.

पडद्यावर १२.०९६ असे वाचले की आपल्याला वाटते, हे उपकरण एक मिलिव्होल्टपर्यंत मोजते. वर पाहिलेल्या चिपची पायरी १६ मिलिव्होल्टची आणि गुणक चार. म्हणजे पडद्यावरची पायरी झाली ०.०६४ व्होल्टची. १२.०३२ नंतर थेट १२.०९६. मधले काहीही कधीच दिसणार नाही. शेवटचे दोन अंक मोजलेले नसून गुणाकाराने आलेले आहेत. नंतरच्या चिप्समध्ये पायरी लहान झाली, पण विभाजक आणि त्याचा अंदाज तसाच राहिला.

याचा वर्गात एक छान प्रयोग होतो. सॉफ्टवेअर चालू करून अर्ध्या तासात दिसलेले १२ व्होल्टचे सगळे वेगवेगळे आकडे फळ्यावर लिहा. समजा ११.९६८, १२.०३२ आणि १२.०९६ असे तीनच आकडे आलटून-पालटून आले. शेजारच्या दोघांमधला फरक प्रत्येक वेळी ०.०६४. हे झाले लघुतम माप. चिपची पायरी १६ मिलिव्होल्टची आहे हे माहीत असेल तर ०.०६४ ला ०.०१६ ने भागा. सॉफ्टवेअरने धरलेला गुणक मिळतो, चार. म्हणजे जे सॉफ्टवेअरने सांगितले नाही, ते त्याच्याच आकड्यांवरून मुलांनी शोधून काढले. तुमच्या यंत्रावर पायरी वेगळी येईल, रीत हीच.

हे लघुतम माप सॉफ्टवेअरने स्वतःहून का सांगू नये? माझी पहिली तक्रार हीच आहे. ‘पायरी ०.०६४ व्होल्ट, गुणक ४, बोर्डाची माहिती उपलब्ध नाही’ एवढी ओळ आकड्याखाली छापली असती, तर त्या शाळेतला पुढचा सगळा प्रकार टळला असता. त्याऐवजी मिळतो तो लाल रंग. लाल रंगाला लघुतम माप नसते.

वापरात नसलेल्या जोडण्यांचे तर विचारूच नका. चिपची एखादी तपमान-जोडणी मदरबोर्डावर कुठेच लावलेली नसली, तरी सॉफ्टवेअर तिची ओळ दाखवते. अशा ओळीपुढे कधी कधी १२७ अंश सेल्सिअस असे भयंकर तपमान दिसते. १२७ हा चिन्हासह आठ बिटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा. तिथे काहीही तापलेले नसते. तिथे काहीही नसते.

डोळा मिटलेला असताना

सात नंबरच्या संगणकाची गोष्ट उलटी आहे. तिथे आकडा बरोबर होता, पण निष्कर्ष चुकला. १२.०९६ दिसले म्हणून एसएमपीएसला निर्दोष ठरवले. हे का चालत नाही?

मुद्दा वेळेचा आहे. एलएम७८ ही चिप आपली वाचने साधारण दीड सेकंदातून एकदा ताजी करते. त्याहून घाईने विचारले तर जुनाच आकडा पुन्हा मिळतो. सॉफ्टवेअरही बहुधा सेकंदा-दोन सेकंदांनी विचारते. आता संगणकाला आडवे करायला किती वेळ पुरतो ते पाहा. मानकाच्या एटीएक्स१२व्ही या रूपाच्या दुसऱ्या पिढीत असे म्हटले आहे, की भिंतीतली वीज गेली तरी पूर्ण भारावर एसएमपीएसने किमान १७ मिलिसेकंद तग धरावा. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. म्हणजे ही हमी एका पूर्ण आवर्तनाचीही नाही. आणि व्होल्टेज कोसळण्याआधी ‘पॉवर ओके’ इशारा काढून घ्यायचा, तो किमान १ मिलिसेकंद आधी. सगळा खेळ मिलिसेकंदांचा.

समजा १२ व्होल्टची तार ५ मिलिसेकंद खाली गेली आणि चिप दर २ सेकंदांनी एकदा डोळा उघडते. नेमका त्या वेळी डोळा उघडा असण्याची शक्यता २००० मध्ये ५, म्हणजे ४०० मध्ये १. त्यातून चिपने ते टिपले, तरी सॉफ्टवेअरने ते विचारून घ्यायचे, पडद्यावर आणायचे, फाइलमध्ये लिहायचे. आणि तेवढ्यात संगणक पुन्हा सुरू झालेला असतो. साक्षीदार गुन्ह्याच्या क्षणीच बेशुद्ध पडतो, आणि शुद्धीवर आल्यावर ‘मी तर काहीच पाहिले नाही’ असे शपथेवर सांगतो. त्याची साक्ष खोटी नसते; ती निरुपयोगी असते.

म्हणून माझी दुसरी तक्रार ‘किमान’ या रकान्याबद्दल आहे. एचडब्ल्यूमॉनिटर, एचडब्ल्यूइन्फो यांसारख्या प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये चालू आकड्याच्या शेजारी किमान आणि कमाल असे रकाने असतात. वाचणारा समजतो की व्होल्टेज यापेक्षा खाली कधी गेलेच नाही. खरा अर्थ एवढाच, की डोळा उघडला त्या त्या वेळी यापेक्षा कमी दिसले नाही. दोन विधानांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

एसएमपीएस जुना होऊ लागला की नेमका याच प्रकारचा दोष वाढतो. त्याच्या आत वीज दर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद केली जाते आणि तिच्यातले चढउतार कपॅसिटर सपाट करतात. त्यातले द्रव विद्युत-अपघटनी असलेले कपॅसिटर उष्णतेने हळूहळू सुकतात, त्यांचा अंतर्गत रोध वाढतो. मग सरासरी व्होल्टेज बारा राहते, पण त्यावर तरंग मोठे होतात आणि भार एकदम वाढला की क्षणिक खड्डा पडतो. मानकाने १२ व्होल्टच्या तारेवर असा तरंग टोकापासून टोकापर्यंत १२० मिलिव्होल्टच्या आत ठेवायला सांगितले आहे. दीड सेकंदांनी एकदा पाहणाऱ्या चिपला हा तरंग दिसणे शक्यच नाही. साध्या मल्टिमीटरलाही तो दिसत नाही, कारण तोही सरासरीच दाखवतो. त्यासाठी ऑसिलोस्कोप लागतो, आणि तो शाळेत नसतो.

एक्केचाळीस नंबरची नोंद

असे आकडे हाती आले की पुढची पायरी म्हणून लोक विंडोजची घटनांची नोंदवही उघडतात. तिथे ‘कर्नल-पॉवर’ नावाखाली ४१ क्रमांकाची नोंद सापडते. नावात ‘पॉवर’ असल्यामुळे एसएमपीएसवर शिक्कामोर्तब होते. सात नंबरवर ही नोंद होती. तिथे ती कोणी पाहिली नाही. चार नंबरवरही होती; तिथे ती एसएमपीएसविरुद्धचा पुरावा म्हणून वापरली गेली.

ही नोंद संगणक बंद पडताना लिहिलीच जात नाही. ती लिहिली जाते पुन्हा सुरू झाल्यावर, आणि तिचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झाले नव्हते. वीज गेली, कोणी बटण दाबून धरले, यंत्र गोठले, तापून बंद पडले, एसएमपीएस दगावला, काहीही झाले तरी नोंद हीच. तिच्या तपशिलात विंडोजच्या निळ्या पडद्याचा सांकेतिक आकडा असेल तर तो उपयोगाचा असतो. तिथे शून्य असेल तर विंडोजला काही लिहायला सवडच मिळाली नाही, इतकेच कळते. तेही कळणे वाईट नाही. फक्त त्याला निकाल म्हणू नये.

मग हे सॉफ्टवेअर टाकाऊ आहे का?

मुळीच नाही. टीका करताना श्रेयही द्यायला हवे. लिनक्सवरच्या एलएम-सेन्सर्स या सॉफ्टवेअरमध्ये गुणण्याची सूत्रे एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उघड लिहिलेली असतात. अमुक ओळीतला आकडा रोधांच्या गुणोत्तराप्रमाणे असा असा बदलावा, हे कोणालाही वाचता येते आणि दुरुस्तही करता येते. उपकरणाने आपले अंशांकन लपवू नये, हा धडा इथे मिळतो. एचडब्ल्यूइन्फोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये वाचने ठरावीक वेळाने फाइलमध्ये साठवता येतात, त्यांचा आलेख काढता येतो.

आणि एक काम ही सॉफ्टवेअर्स चांगले करतात: एकाच यंत्राची त्याच यंत्राशी तुलना. विभाजकाची चूक किती आहे हे माहीत नसले, तरी ती सकाळी आणि दुपारी सारखीच असते. संगणक रिकामा असताना १२.०९६ आणि भरपूर काम दिल्यावर ११.६४८ असे दिसले, तर सात पायऱ्यांची घसरण झाली. जवळजवळ पावणेचार टक्के. हा फरक खरा आहे आणि विचार करण्याजोगा आहे. त्यातून लगेच एसएमपीएसला दोषी धरू नये, कारण सैल किंवा काळवंडलेली जोडणीही हेच करते. १० अँपिअर वीज ०.०४ ओहम रोधातून गेली तर ओहमच्या नियमाने ०.४ व्होल्ट तिथेच खर्च होतात. सुट्या जोडणीत मल्टिमीटरने १२ व्होल्ट स्थिर दिसत असतील आणि सॉफ्टवेअरमध्ये घसरण दिसत असेल, तर आधी मदरबोर्डाची जोडणी काढून, पाहून, घट्ट बसवावी.

म्हणजे हळू होणारे बदल आणि तुलना यांसाठी सॉफ्टवेअर. खरे मूल्य तपासायला मल्टिमीटर. आणि क्षणात होऊन जाणाऱ्या गोष्टींसाठी दोन्ही असमर्थ. त्यासाठी शाळेत एकच मार्ग परवडतो, अदलाबदलीचा. संशयित एसएमपीएस चांगल्या संगणकात लावायचा, चांगला संशयितात. मग पाहायचे, दोष यंत्रापाशी राहतो की डब्याबरोबर जातो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळे तसेच ठेवायचे. ही प्रयोगाची रीत आपण सहावीपासून शिकवतो. त्याआधी दोन साध्या गोष्टी कराव्यात. विंडोजमधली ‘बिघाड झाल्यास आपोआप पुन्हा सुरू करा’ ही सोय बंद करावी. मग निळा पडदा येऊन थांबला तर स्मृती, ड्रायव्हर वगैरेंकडे आधी पाहावे. काहीही न दाखवता यंत्र थेट काळे झाले तर विजेकडे. आणि तोच संगणक दुसऱ्या खोलीतल्या प्लगवर चालवून पाहावा, म्हणजे भिंतीतल्या विजेचा दोष वेगळा काढता येतो.

एक इशारा इथेच देतो. सुट्या जोडणीतले ५ आणि १२ व्होल्ट शिक्षकांच्या देखरेखीखाली मुलांनी मोजायला हरकत नाही, फक्त दोन सुया एकमेकींना टेकू देऊ नयेत. पण एसएमपीएसचा डबा शाळेत कधीही उघडू नये. २३० व्होल्टचे शिखरमूल्य सुमारे ३२५ व्होल्ट असते आणि आतला मोठा कपॅसिटर, प्लग काढल्यावरही काही काळ, तेवढा प्रभार धरून बसलेला असू शकतो.

शेवटी काय निघाले

चार नंबरचा दोष शोधायला पाच मिनिटे लागली. त्याच सॉफ्टवेअरच्या त्याच पडद्यावर, लाल ओळीच्या बरेच खाली, प्रोसेसरचे तपमान दाखवले होते. यंत्र सुरू केल्यावर ते चढत चढत शंभर अंशांच्या जवळ जाई आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी यंत्र बंद करी. पंख्याखाली धुळीची गादी बसली होती. ती काढल्यावर संगणक दिवसभर चालला, आठ व्होल्टवरच! म्हणजे सॉफ्टवेअरने खरे काय ते सांगितले होते. पण खोट्या आकड्याला रंग होता आणि खऱ्याला नव्हता, म्हणून कोणी पाहिले नाही.

सात नंबरचा डबा दोन नंबरमध्ये लावला आणि दोनचा सातमध्ये. तिसऱ्या दिवशी दोन नंबर काळा पडून पुन्हा सुरू झाला. सात नंबर आठवडाभर एकदाही थांबला नाही. दोष डब्याबरोबर गेला होता. दुरुस्ती करणाऱ्याने तो आपल्या दुकानात उघडला तेव्हा दोन कपॅसिटरची डोकी फुगलेली होती. बारा व्होल्ट दाखवणारा डबा सदोष, आणि आठ दाखवणारा निर्दोष. निर्दोष तो भंगारात गेलेला.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांकडे माझे मागणे थोडे आहे. पायरी किती, किती वेळाने पाहिले, आणि गुणक माहितीवरून घेतला की अंदाजाने, हे आकड्याशेजारी लिहा. अंदाजाच्या आकड्याला लाल रंग देऊ नका. पण ते लिहीपर्यंत थांबायचे कारण नाही. कुठल्याही उपकरणापुढे उभे राहिल्यावर ‘हे मोजते कसे?’ हा प्रश्न विचारायची सवय लावणे आपल्या हातात आहे. संगणक हे उपकरण आहे हे आपण विसरतो, कारण ते बोलते, आणि ठाम बोलते.

त्या सरांनी नंतर एक काम केले, ते मला फार आवडले. त्यांनी एक साधा मल्टिमीटर आणला आणि दहाही संगणकांचे अंशांकन त्या मुलावर सोपवले. त्याने दोन मित्रांना घेऊन तक्ता बनवला: संगणकाचा नंबर, सॉफ्टवेअरचा आकडा, मल्टिमीटरचा आकडा, दोन्हींचे गुणोत्तर, आणि पडद्यावरची सर्वांत लहान पायरी. तो तक्ता संगणकांच्या खोलीत दाराशेजारी लावलेला आहे. चार नंबरच्या ओळीत शेवटी निळ्या शाईने लिहिले आहे: ‘बारा व्होल्टच्या आकड्याला दीडने गुणावे. धूळ दर महिन्याला काढावी.’